दोन दारांची भिंगरी

सत्यभामा लग्न होऊन आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात आली तेव्हा त्या घराला एकच दार होतं आणि आत दोन माग खडखडत होते. ती पवनीच्या विणकराची पोर. सासरी आली आणि हळद उतरायच्या आत चरख्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागली. एका मागावर सासरे, दुसऱ्यावर नवरा परसराम. तिचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. ‘ऐकलं का वो?’ अशी हाक यायची आणि ती उठायची. धागा तुटला, ऐकलं का. पाणी पाहिजे, ऐकलं का. हातातला घास ताटात ठेवूनही ती उठायची. आपण हाक मारावी आणि कुणी धावत यावं, हे सुख काही तिच्या वाट्याला आलं नाही. एकुलती मुलगी रीता गोंदियाला दिली. ती फोनवर ‘येतो ना आई, येतो’ म्हणायची आणि सण उलटून जायचे.

सासरे गेले आणि त्यांचं वर्ष व्हायच्या आत परसराम आणि त्याचा धाकटा भाऊ जागेश्वर, दोघांचं फाटलं. कशावरून, हे आज विचारलं तर दोघांनाही धड सांगता येणार नाही. न्हाणीचं पाणी कुणीकडून जावं इथून सुरू झालं आणि अंगणात विटांची भिंत उभी राहिली. धाकट्या जागेश्वरने आपल्या बाजूला दुसरं दार फोडलं, वाट्याला आलेला माग विकून टाकला आणि तो वरठीच्या कारखान्यात पाळीवर जायला लागला. भाऊ भावाशी बोलेना. बायकांनीही बोलायचं नाही, असा हुकूम दोन्ही घरांत निघाला.

पण बायकांचं तसं नसतं. जागेश्वरची बायको तृप्ती तुमसरची, सत्यभामेपेक्षा बरीच लहान, बोलकी. जागेश्वर पाळीवर गेला आणि परसराम सूत आणायला बाहेर पडला की ती उलट्या घमेल्यावर चढायची आणि भिंतीवरून डोकं काढायची. “बाई, काय भाजी केली जी?” एवढंच. पण सत्यभामेला तेवढ्याने दुपार हलकी वाटायची.

विकलेल्या मागाचा खड्डा जागेश्वरच्या पडवीत तसाच राहिला होता. विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो खड्डा. एका थंडीत गल्लीतली कुत्री त्यात व्याली. पिल्लं कुणी कुणी उचलून नेली, काही मेली, आणि कुत्रीही रस्त्यावर ट्रकखाली गेली. एक मादी पिल्लू मागे राहिलं. तृप्ती त्याला दूध पाजायला गेली तर जागेश्वर ओरडला, “घरात घाण नाही पाहिजे!” तिने ते पदरात गुंडाळून भिंतीवरून सत्यभामेच्या हाती दिलं.

पिल्लू वाढलं ते वाऱ्यासारखं. लांब पाय, मातकट रंग, कमरेत बारीक. एका जागी उभं राहणं तिला ठाऊक नव्हतं. स्वतःभोवतीच गिरक्या घ्यायची, म्हणून सत्यभामेने नाव ठेवलं भिंगरी. सकाळी दार उघडलं की ही बाण सुटावा तशी गल्लीतून निघायची. धानाच्या बांध्यांमधून, त्यांच्यामधल्या धुऱ्यांवरून, तळ्याच्या पाळीवरून, आणि मग येणार कशाला? सत्यभामा हाका मारून घसा कोरडा करायची. भिंगरी हातभर अंतरावर यायची, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करायची, शेपटी हलवायची, आणि हात पुढे केला रे केला की सटकायची. सत्यभामा मागे, ती पुढे. गल्लीला रोजचा तमाशा झाला.

“वहिनी, कुत्री तुमाले खेळवून राहिली,” समोरच्या ओट्यावरून म्हातारे नंदलालजी हसायचे.

ते खरंच होतं. सत्यभामेला ते हळूहळू कळलं. आपण मागे लागतो तोच हिचा खेळ. एक दिवस दमून तिने नाद सोडला आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागली, तर मागून टपटप पावलं. वळून पाहिलं तर भिंगरी थबकलेली. पुन्हा चालू लागली, पुन्हा टपटप. मग सत्यभामेने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. पदर कमरेला खोचला आणि घराच्या दिशेने पळत सुटली. भिंगरी आनंदाने वेडी होऊन मागे आली आणि दाराशी तिच्या पायांत घुसली.

त्या दिवसापासून ती पदराच्या गाठीला सुकलेले झिंगे बांधून हिंडायला लागली. “ये वो माय, ये!” अशी एकच हाक, एकाच सुरात. आली की झिंगा, मानेवरून हात, आणि पुन्हा “जाय!” म्हणून मोकळी. हे मोकळं सोडणं महत्त्वाचं, हे तिचं तिलाच सुचलं. आलं की दावणीला बांधतात असं कळलं तर कोण येईल? रागावली असली तर ती भिंगरीला हाक मारायचीच नाही. आधी राग गिळायची, मग हाक. घरातल्या माणसांसाठी जे करता आलं नाही ते तिने कुत्रीसाठी केलं.

पावसाळा सरता सरता अशी गत झाली की भिंगरी पार तळ्यापलीकडे असली तरी हाक ऐकून कान टवकारायची आणि सरळ रेषेत सुटायची. तिचं ते धावत येणं बघत सत्यभामा दारात उभी राहायची. आपल्या आवाजाला कुणीतरी इतकं धावत येतं, याची तिला सवय नव्हती.

परसरामला हे पटत नसे. “बाईमाणसानं गल्लीतून पळावं? लोक हासून राहिले. शोभते का हे तुले?”

“पळालं त येते ते.”

“नाही आली त मरू दे.”

तृप्तीला मात्र मोठी गंमत वाटायची. तिने भिंतीवरून विचारून विचारून सगळं शिकून घेतलं. हाकेचा सूर, झिंगे, पाठ फिरवून पळणं. सत्यभामेनेही हौसेने शिकवलं. मग भिंगरी दोन्ही दारांनी आत-बाहेर करायला लागली. इकडून भात खाऊन जायची, तिकडे तृप्तीच्या हातची पोळी. त्या घरात भिंत न मानणारं तेवढं एकच जनावर होतं.

तोवर ती दोघाही भावांना नको होती. एकदा पाळीवरून येणाऱ्या जागेश्वरच्या मोटरसायकलीला ती खेळत आडवी गेली, तो पडला, कोपर सोललं. “कोणाची हाय ही?” तो गल्लीत उभा राहून ओरडला. परसराम आतूनच, भिंतीला सांगावं तसं बोलला, “ज्याच्या खड्ड्यात झाली त्याची.”

बिघडलं ते पुढच्या हंगामात. जंगलाच्या कडेला शेती असलेला कुलदीप नावाचा शेतकरी गल्लीत आला होता. भिंगरीचं धावणं पाहून तो थांबला. धानात रानडुकरं शिरतात, असं कुत्रं शेतावर पाहिजे, म्हणाला. दारात जागेश्वर होता, त्यालाच विचारलं. जागेश्वर म्हणाला, “घेऊन जा ना!”

परसराम बाहेर आला. किती तरी वर्षांनी तो भावाशी थेट बोलला.

“देणारा तू कोण?”

“माह्या घरात झाली.”

“अन् भात कोणाचा खाते?”

“पोळी माह्या घरची खाते!”

कुलदीप बिचारा कधी निघून गेला, कुणाला कळलंच नाही. इकडे हाणामारीवर आलं. परवापर्यंत जिला कुणी आपली म्हणत नव्हतं, तिच्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करू लागले. आणि ते आईबाप तर एकच होते.

नंदलालजी मधे पडले. गल्लीत त्यांच्या शब्दाला मान होता. म्हणाले, “जनावराले बोलता नाही येत, पण माणूस वयखता येते. उद्या मारोतीच्या पटांगणात सोडू. ज्याच्या हाकेले येईल त्याची. मग कोणी कुरकुर नाही करायची.”

दुसऱ्या दिवशी पटांगणात निम्मं गाव जमलं. नंदलालजींनी भिंगरीला मधोमध आणून गळ्यातली दोरी काढली. एकीकडे परसराम, दुसरीकडे जागेश्वर. दोघे ओरडायला लागले. परसरामला तर तिचं नावही नीट घेता येत नव्हतं, तो नुसताच “यू यू” करत होता. जागेश्वरने बिस्किटाचा पुडाच फोडला होता. भिंगरीने दोघांकडे पाहिलं, एवढी माणसं बघून तिला मोठाच खेळ वाटला, आणि ती पटांगणाला रिंगण घालत सुटली. जागेश्वर तिच्यामागे धावला, परसरामही धावला, दोघे एकमेकांवर आदळता आदळता वाचले. लोक पोट धरधरून हसले.

“अरे, ज्याइनं खाऊ घातलं त्याइले बोलवा!” कुणीतरी म्हणालं.

सत्यभामा चरख्यावर होती. परसराम घामाने थबथबलेला दारात आला. “ऐकलं का वो? चाल, पटांगणात.” ती हातातली कांडी टाकून उठली. जाता जाता तिने झिंग्यांची गाठ बांधून घेतली.

पटांगणात पोचली आणि ती कडेलाच थांबली. पारावर गावातले सगळे म्हातारे, थोरले बसलेले. लग्न होऊन आल्यापासून ज्यांच्यासमोरून तिने डोक्यावर पदर घेतल्याशिवाय पाऊल टाकलं नव्हतं ते सगळे. नंदलालजी मधे उभे. आणि समोरच्या टोकाला तृप्ती. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. सत्यभामेने तिच्याकडे पाहिलं, तृप्तीने मान खाली घातली.

“हं, वहिनी,” नंदलालजी म्हणाले, “मारा हाक.”

सत्यभामेने डोक्यावरचा पदर सारखा केला. “ये वो माय, ये,” ती म्हणाली. आवाज निम्माच निघाला. तरी भिंगरी थांबली. कान टवकारले. दोन उड्या मारून निम्म्या वाटेवर आली आणि नेहमीसारखी वाकून, शेपटी हलवत उभी राहिली. आता पाठ फिरवायची आणि पळायचं. एवढंच बाकी होतं. सत्यभामेला ते ठाऊक होतं, भिंगरीलाही ठाऊक होतं, ती वाट बघत होती. पण त्या साऱ्या पुरुषांसमोर, पदर खोचून, या वयात? तिने गाठ सोडून झिंगा पुढे केला. आणखी एकदा हाक मारली, पहिल्यापेक्षाही हळू.

तेवढ्यात पलीकडून तोच सूर आला. “ये वो माय, ये!” तृप्तीने पाठ फिरवली होती आणि ती जीव खाऊन पळत होती. पदर खांद्यावरून गळला, चपला निसटल्या, तरी पळतच होती. भिंगरी गर्रकन वळली आणि तिच्यामागे सुटली. पटांगणाच्या टोकाला तिने तृप्तीला गाठलं आणि अंगावर उडी घेतली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. जागेश्वरने मांडीवर थाप मारली. त्याने खिशातून साखळी काढली आणि तृप्तीच्या कुशीत असलेल्या भिंगरीच्या गळ्यात अडकवली. साखळी त्याने आधीच आणून ठेवली होती.

वाटभर परसराम चार पावलं पुढेच चालला. घरात आल्यावर म्हणाला, “गल्लीत पळायले लाज नाही वाटत. अन् तिथं पायाले मेंदी लागली होती?”

सत्यभामा आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडणार होती. पण ती पुन्हा चरख्यावर बसली. सूत सारखं तुटत राहिलं.

भिंगरीला सोडलं तर ती पलीकडे सत्यभामेकडे जाईल, म्हणून जागेश्वरने तिला पेरूच्या झाडाला बांधून टाकलं. अधूनमधून अंगणाचं फाटक लावून मोकळी करायचा, आणि पाळीवर निघायच्या वेळी तृप्तीला सांगायचा, “बोलव तिले.” तृप्ती हाक मारायची, भिंगरी धावत यायची, आणि गळ्यात साखळी. पहिले काही दिवस ती तशीच फसली. मग थबकायला लागली. मग नुसतीच भिंतीशी उभी राहायची आणि जागेश्वरला काठी घेऊन तिला कोपऱ्यात कोंडावं लागायचं. हे सगळं सत्यभामा भिंतीच्या अलीकडून ऐकायची.

त्याहून वाईट म्हणजे तिचा आवाज ऐकला की भिंगरी वेडी व्हायची. इकडे सत्यभामा कुणाशी मोठ्याने बोलली की तिकडे साखळीला हिसके बसायचे, गळा आवळून घरघर ऐकू यायची. म्हणून तिने स्वतःच्या अंगणात बोलणंच सोडलं. रीताचा फोन आला की ती तळ्याकडे निघून जायची. परसरामने विचारलेल्याला मान हलवून उत्तर द्यायची. जागेश्वरने भिंतीवर टिनाचे पत्रे ठोकले, तेव्हापासून तृप्तीचं डोकंही दिसेनासं झालं. दिसलं असतं तरी सत्यभामा तिच्याशी बोलली नसती. शिकवलेलं आपल्यावरच उलटवलं पोरीने, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी, दोन्ही घरांतले पुरुष बाहेर असताना, पत्र्यापलीकडे साखळी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग दार उघडल्याचा. सत्यभामा धावत बाहेर आली. तृप्ती आपल्या दारात उभी होती आणि भिंगरी गल्लीतून निघाली होती, आधीसारखीच, बाण सुटावा तशी.

दोघी तिच्यामागे तुमसर रस्त्यापर्यंत गेल्या. भिंगरी रस्त्यापलीकडे धुऱ्यावर थांबली होती. गळ्याभोवतीचे केस गेलेले, कातडीवर साखळीचा लाल चट्टा.

“ये वो माय, ये,” तृप्तीने हाक मारली.

भिंगरी दोन पावलं मागे सरली.

मग सत्यभामेने हाक मारली. पूर्ण आवाजात, घसा मोकळा करून, गेले कित्येक महिने दाबून ठेवलेल्या आवाजात. भिंगरीने कान टवकारले. ओळखलं तिने, यात शंका नव्हती. पण ती वाकली नाही, शेपटी हलली नाही.

सत्यभामेने पदर खोचला, पाठ फिरवली आणि पळायला लागली. भर रस्त्यावर. चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती, एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. छाती फुटायला आली तोवर ती पळाली. मग गुडघ्यांवर हात टेकून थांबली आणि तिने वळून पाहिलं. मागे कुणी आलं नव्हतं. भिंगरी धुऱ्याधुऱ्याने दूर चालली होती. पळतही नव्हती, नुसती चालत होती.

तृप्ती जवळ आली. सत्यभामेला धाप लागली होती, तरी तिने विचारलंच. “त्या दिवशी तू काहून पळाली?”

“त्याइनं सांगितलं होतं,” तृप्ती म्हणाली, “हारून आली त घरात पाय नको ठेवू. आदल्या दिवशीच हात उचलला होता.” मग तिने सत्यभामेकडे पाहिलं. “पण मले वाटलं, तुमीच पळान. तुमी पळाल्या असत्या त ते माह्याकडे कायले आली असती? तुमी काहून नाही पळाल्या, बाई?”

सत्यभामेने कमरेला खोचलेला पदर सोडला. पोरीची कीव यायला पाहिजे होती, ती आली नाही. राग मात्र तसाच होता. फक्त कुणावर धरायचा ते कळेना.

“चाल,” ती म्हणाली. “तो यायच्या आत घरी जाय.”

त्या संध्याकाळी जागेश्वरने साखळी रिकामी बघितली, आणि पुढे काय झालं ते पत्र्याअलीकडे ऐकू आलं. परसराम जेवत होता. “गेली एकदाची ब्याद,” म्हणाला. सत्यभामा उठून भिंतीशी गेली आणि पत्र्यावर हाताने जोरजोरात थापा मारायला लागली. पलीकडचा आवाज थांबला. परसरामने तिला आत ओढलं. दुसऱ्या दिवशी तृप्तीचा भाऊ येऊन तिला तुमसरला घेऊन गेला. महिन्याभराने ती परत आली, पण मग कुणाशीच फारसं बोलायची नाही.

भिंगरी गावात पुन्हा आली नाही. कुणी म्हणे ढाब्यावर दिसली, कुणी म्हणे गाडीखाली गेली.

दिवाळीच्या आधी सत्यभामा परसरामसोबत सूत घ्यायला तुमसरला गेली. धानाच्या गिरण्यांच्या बाजूने ऑटो चालला होता. कोंड्याच्या ढिगाऱ्यावर चार-पाच कुत्री पडली होती. एक उठली आणि दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर धावून गेली. हाडं निघालेली, एक कान फाटलेला. पण तसं धावणं दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

सत्यभामेने ऑटोची दांडी घट्ट धरली. हाक अगदी ओठांपर्यंत आली.

“काय झालं?” परसरामने विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. ऑटो रेल्वेच्या फाटकापाशी वळला आणि बाजाराच्या गर्दीत शिरला.